वाचकांचे प्रश्न : लिहिता हात आणि त्याच्या नकळत जडलेल्या सवयी

डावखुरेपणा, अक्षराचे वळण आणि चित्र काढताना हाताला नकळत लागलेल्या सवयी या विषयावर वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रे आणि त्यांची उत्तरे या अंकात देत आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी पहिलीत आहे आणि ती डाव्या हाताने लिहिते. तिच्या वहीत अक्षरे पुसटतात, शिरोरेषा ती उजवीकडून डावीकडे ओढते आणि त्यावरून तिला वर्गात वारंवार टोकले जाते. ‘आत्ताच वळण लावले नाही तर पुढे जड जाईल,’ असे सासूबाईंचे म्हणणे आहे, तर हात बदलला की मूल तोतरे होते, असे शेजारी सांगतात. आम्ही काय करावे? – एक आई, सांगली

उत्तर : हात बदलू नये, हे आधीच स्पष्टपणे सांगतो. कोणता हात पुढे करायचा हे मूल पाटी हातात घेतल्यावर ठरवत नाही. बऱ्याच अंशी ते जन्माआधीच ठरलेले असते. बेलफास्ट येथील पीटर हेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भ कोणत्या हाताचा अंगठा चोखतो याच्या नोंदी सोनोग्राफीत ठेवल्या आणि तीच मुले दहा-बारा वर्षांची झाल्यावर त्यांना पुन्हा तपासले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात उजवा अंगठा चोखणारी ६० च्या ६० मुले उजव्या हाताची निघाली, तर डावा अंगठा चोखणाऱ्या १५ मुलांपैकी १० डावखुरी निघाली आणि ५ उजव्या हाताची झाली. आनुवंशिकतेचा यात वाटा आहे, पण हिशेब सरळ नाही. बहुतेक डावखुऱ्या मुलांचे आई-वडील दोघेही उजव्या हाताने लिहिणारे असतात आणि एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांमध्येही एक डावखुरा व एक उजव्या हाताचा अशी जोडी दिसून येते. जगभरातील सुमारे २४ लाख लोकांच्या नोंदी एकत्र करून २०२० मध्ये काढलेला डावखुऱ्यांचा अंदाज १०.६ टक्के इतका आहे. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात चार मुले डावखुरी असणे स्वाभाविक आहे आणि तितकी दिसत नसतील, तर बाकीच्यांचा हात कोणी बदलला, असा प्रश्न शिक्षकांनी स्वतःला विचारायला हवा.

हात बदलल्याने तोतरेपणा येतो ही समजूत जुनी आहे. इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज यांचे उदाहरण त्यासाठी नेहमी दिले जाते, कारण लहानपणी त्यांना उजव्या हाताने लिहायला लावले होते आणि ते अडखळत बोलत असत. मात्र एक गोष्ट दुसरीच्या आधी घडली म्हणून ती तिचे कारण ठरत नाही आणि हा संबंध संशोधनाने पक्का झालेला नाही. त्यामुळे ज्यांचा हात पूर्वी बदलला गेला आहे त्यांनी धास्ती बाळगू नये. तरीही हात बदलणे निरुपद्रवी आहे असे मी म्हणणार नाही. लहानपणी उजव्या हाताकडे वळवलेल्या डावखुऱ्या प्रौढांच्या मेंदूची चित्रे जर्मनीतील संशोधकांनी घेतली, तेव्हा उजव्या हाताने लिहिण्यात कित्येक वर्षे गेल्यानंतरही त्यांच्या मेंदूच्या उजव्या भागातील, म्हणजे डावा हात चालवणाऱ्या भागातील, हालचाल शमलेली नव्हती. सक्तीने वरवरची सवय बदलते, मूळ कल तसाच राहतो, आणि अक्षरओळखीच्या नेमक्या वर्षी मुलाचे सारे लक्ष अक्षराऐवजी हाताकडे लागून राहते. तोटा इथे आहे.

आता शिरोरेषेविषयी. आडवी रेघ ओढताना हात शरीराच्या मध्यापासून बाहेरच्या बाजूला सहज जातो. उजव्या हातासाठी ही दिशा डावीकडून उजवीकडे अशी आहे आणि डाव्या हातासाठी तिच्या उलट. शब्द लिहून झाला की उजव्या हाताचे मूल पेन्सिल उचलून शब्दाच्या सुरुवातीला परत येते आणि मग रेघ ओढते. आपली मुलगी शब्दाच्या शेवटी असतानाच रेघ ओढत मागे येते आणि नंतर पुढच्या शब्दासाठी हात उचलून पुढे नेते. श्रम दोघांचेही सारखेच आहेत आणि कागदावर उमटणारी रेघ एकच आहे. देवनागरीत शिरोरेषा कधी आणि कुठून ओढावी हा केवळ शिकवण्याच्या सोयीचा भाग आहे. मोडी लिहिणारे कारकून तर आधी सबंध ओळीची रेघ ओढून घेत आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहीत जात. वर्गशिक्षिकेशी बोलताना हा मुद्दा आपण आवर्जून मांडावा.

पुसट होण्यावर मात्र उपाय करायलाच हवा. डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या लिपीत डावा हात नुकत्याच लिहिलेल्या अक्षरांवरून सरकत जातो; पाटीवर तर तळहाताची कड आधीचे अक्षर पुसूनच पुढे सरते आणि मुलाला आपण काय लिहिले हे धड दिसतही नाही. ते दिसावे म्हणून मूल मनगट वरून वळवून आकड्यासारखा हात धरते, आणि तो दुखू लागतो. वही शरीराच्या मध्यापासून थोडी डावीकडे ठेवावी आणि तिचा वरचा भाग उजवीकडे कलेल अशी ती तिरपी करावी, म्हणजे हात ओळीच्या खाली राहतो. पेन्सिल टोकापासून दोन बोटे वर धरायला शिकवावी. बाकावर तिला डाव्या टोकाला बसवावे, नाहीतर शेजारच्या मुलीचा उजवा कोपर आणि हिचा डावा कोपर दिवसभर एकमेकांना लागत राहतात. उजेड उजवीकडून यावा. कागदकामासाठी डावखुऱ्यांची वेगळी कात्री मिळते, तीच घ्यावी. नेहमीची कात्री डाव्या हातात धरली की पाती एकमेकींपासून दूर ढकलली जातात, कागद कापला न जाता दुमडतो आणि मूल उगाच धांदरट ठरते.

सासूबाईंच्या मनात बहुधा जेवणाचा आणि प्रसाद घेण्याचा विचार असावा. उजव्या हाताने जेवण्याची रीत घरात पाळायची असेल, तर ती प्रेमाने शिकवता येते, कारण घास घेण्यासाठी लिहिण्याइतक्या बारीक हालचालींची गरज नसते, आणि डाव्या हाताने लिहून उजव्या हाताने जेवणारी माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत. ही रीत आणि लिहिण्याचा हात या दोन गोष्टी मात्र वेगळ्या ठेवाव्यात.

प्रश्न : मी इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेची तयारी करत आहे. शिबिरात आलेल्या एका चित्रकारांनी मला चित्र काढताना पाहिले नव्हते. केवळ माझे स्थिरचित्र पाहून त्यांनी ‘तू डावखुरा आहेस’ असे सांगितले. हे त्यांना कसे कळले? परीक्षेत याचा तोटा होतो का? – विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : त्यांनी तुमच्या छायांकनाच्या रेघा पाहिल्या असणार. तळहाताची कड कागदावर टेकवून बोटे आणि मनगट भराभर हलवले की रेघ आपोआप एका तिरकस दिशेत पडते. उजव्या हाताची रेघ डावीकडे खालून उजवीकडे वर अशी कलते, तर डाव्या हाताची उजवीकडे खालून डावीकडे वर. ही दिशा कोणी शिकवलेली नसते आणि चित्रकाराचे तिच्याकडे लक्षही नसते, कारण त्याचे लक्ष मडक्याच्या गोलाईकडे आणि सावलीच्या गडदपणाकडे असते. नेमक्या याच कारणासाठी ती भरवशाची खूण ठरते.

या खुणेचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण लिओनार्दो दा विंची यांचे आहे. त्यांच्या रेखाटनांतील छायारेषा वर डावीकडून खाली उजवीकडे अशा उतरतात, आणि एखादे रेखाटन त्यांचे स्वतःचे की उजव्या हाताने काम करणाऱ्या एखाद्या शिष्याचे किंवा नक्कलकाराचे हे ठरवताना अभ्यासक इतर पुराव्यांबरोबर या कलाचाही विचार करतात. त्यांच्या वह्यांतील लेखन उजवीकडून डावीकडे, आरशात पाहून वाचावे लागेल असे उलटे आहे. गुप्तता राखण्यासाठी ते तसे लिहीत, असे पुष्कळदा सांगितले जाते. डाव्या हाताला ओली शाई न पुसता लिहिण्याचा तो सोपा मार्ग होता, हे स्पष्टीकरण मला अधिक पटते. तरी त्यांचा उजवा हात निकामी नव्हता. ५ ऑगस्ट १४७३ ही तारीख असलेले त्यांचे निसर्गरेखाटन फ्लॉरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयात आहे. २०१९ मध्ये तेथील तज्ज्ञांनी त्याची बारकाईने तपासणी केली, तेव्हा पुढच्या बाजूवरील उलटी ओळ डाव्या हाताची आणि मागच्या बाजूवरील सरळ ओळ उजव्या हाताची असल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला. म्हणून एका खुणेवरून छातीठोक विधान करू नये. कागद फिरवून काम करणाऱ्याच्या रेघा फसव्या असतात आणि गोल वस्तूच्या अंगाने रेघा वळवल्या की मूळ कल झाकला जातो.

तुमच्या शिबिरातील मित्रांवर आणखी एक गोष्ट तपासून पाहा. त्यांना एका बाजूने दिसणारा चेहरा, फक्त नाक-डोळा-हनुवटी, झटपट काढायला सांगा आणि कोणत्या दिशेला तोंड असावे हे मात्र सांगू नका. उजव्या हाताने काढणाऱ्यांपैकी बहुतेकांचे चेहरे कागदाच्या डाव्या बाजूला पाहतात. डावखुऱ्यांमध्ये हा कल कमी होतो किंवा उलटतो. येथे हात एकटा नसतो. हिंदी आणि उर्दू वाचणाऱ्यांची तुलना करणाऱ्या अभ्यासांत असे दिसले की, रेघांची आणि आकृत्यांची दिशा हाताबरोबरच रोजच्या लिपीच्या दिशेवरही अवलंबून असते.

परीक्षेत तोटा होण्याचे काहीच कारण नाही. परीक्षक छायेची पातळी, प्रमाण आणि मांडणी पाहतात. तुम्ही एवढेच करा : छायांकनाला कागदाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यापासून सुरुवात करा, म्हणजे तळहात झालेल्या कामावर घासणार नाही, आणि हाताखाली एक कोरा कागद ठेवा. बसण्याची जागा निवडता आली तर उजेड उजवीकडून येईल अशी निवडा, नाहीतर हाताचीच सावली पेन्सिलीच्या टोकावर पडते. उजव्या हाताच्या मुलांच्या रेघांची दिशा ओढूनताणून उचलू नका. तसे केले की रेघेतला वेग जातो आणि ती कष्टाने काढलेली आहे हे लगेच कळते.

प्रश्न : आम्ही गेली काही वर्षे योकोहामात राहतो. माझा मुलगा येथील जपानी शाळेत जातो. तो वर्तुळ काढताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने हात फिरवतो आणि मी नेमका उलट. आम्ही दोघेही उजव्या हाताचे आहोत. मग हा फरक कशामुळे? – एक वाचक, जपान

उत्तर : हा फरक लिपीमुळे पडलेला आहे. गूगलने २०१६ मध्ये ‘क्विक, ड्रॉ’ नावाचा एक खेळ आणला होता, त्यात जगभरातील लोकांनी लाखो चित्रे काढली आणि प्रत्येक रेघ कोणत्या क्रमाने पडली याचीही नोंद झाली. त्यातील वर्तुळांची तपासणी एका वृत्तसंस्थेने २०१७ मध्ये केली, तेव्हा अमेरिकेतील सुमारे ८६ टक्के लोकांची वर्तुळे काट्याच्या उलट दिशेने, तर जपानमधील सुमारे ८० टक्के लोकांची काट्याच्या दिशेने काढलेली आढळली. दोन्हीकडे उजव्या हाताने लिहिणाऱ्यांचेच बहुमत आहे, तेव्हा हे अंतर हाताच्या रचनेतून आलेले नाही.

जपानी मुले ‘नो’ आणि ‘आ’ ही हिरागाना अक्षरे गिरवताना मोठा फेरा काट्याच्या दिशेने घेतात. तोंड या अर्थाच्या चौकोनी चिन्हातही आधी डावी उभी रेघ, मग वरची आडवी आणि उजवी उभी एकाच ओघात, आणि शेवटी तळाची रेघ असा क्रम असतो, आणि हा क्रम शाळेत काटेकोरपणे घोटून घेतला जातो. आपण मराठीत ‘ट’, ‘ठ’, ‘ढ’, ‘द’ लिहिताना वरून सुरुवात करून डावीकडे उतरतो. ‘व’ आणि ‘क’ यांची पोटेही बहुतेक जण त्याच दिशेने वळवतात. ‘र’, ‘२’, ‘३’ यांचा बाक उलट आहे हे खरे, पण पूर्ण मिटणारा गोल आपल्या हातात बहुधा ‘ठ’ आणि ‘व’ यांच्या सवयीने येतो. आपण वर्तुळ कुठून सुरू करतो यावरही दिशा अवलंबून असते. ऑस्ट्रेलियातील पीटर व्हान सोमर्स यांनी चित्र काढण्याच्या हालचालींचा अभ्यास १९८४ मध्ये पुस्तकरूपाने मांडला. त्यांच्या निरीक्षणानुसार उजव्या हाताची माणसे वरच्या भागातून सुरुवात केली की काट्याच्या उलट दिशेने जातात आणि तळापासून सुरुवात केली की काट्याच्या दिशेने. आपण स्वतः एकदा तळापासून गोल काढून पाहावा. हात आपण होऊन मुलाच्या दिशेने वळण्याची शक्यता बरीच आहे.

मुलाला घरी मराठी लिहायला शिकवत असाल, तर ‘ठ’ आणि ‘व’ तो कोणत्या दिशेने वळवतो यावर हटकू नये. अक्षर वाचता येण्याजोगे आणि प्रमाणात असले की पुरे.

प्रश्न : माझा सहा वर्षांचा मुलगा ‘३’ च्या जागी ‘६’ लिहितो आणि कधी कधी अक्षरेही उलटी काढतो. हे वाचनदोषाचे लक्षण आहे का? – पालक, ठाणे

उत्तर : या वयात केवळ एवढ्यावरून तसा निष्कर्ष काढू नये. साधारण सातव्या वर्षापर्यंत उजव्या आणि डाव्या अशा दोन्ही हातांची मुले अक्षरे उलटी काढतात. मेंदूला डावी आणि उजवी प्रतिमा एकच मानण्याची उपजत सवय असते आणि ती उपयोगाचीच आहे, कारण गाय डावीकडे तोंड करून उभी असो वा उजवीकडे, ती गायच असते. दिशा बदलली की अर्थ बदलतो, ही अट फक्त लिपीत लागू होते आणि ती मुलाला नव्याने शिकावी लागते. त्यात आपले ‘३’ आणि ‘६’ तर जवळजवळ एकमेकांचे आरशातले रूप आहेत. ज्यांचे तोंड विरुद्ध दिशांना आहे अशा दोघांसाठी छत्तीसचा आकडा म्हणतात तो उगाच नाही. फ्रान्समधील मुलांच्या अभ्यासात असेही दिसले आहे की, डावीकडे तोंड असलेली चिन्हे, उदाहरणार्थ इंग्रजी तीनचा आकडा आणि ‘जे’ हे अक्षर, जास्त वेळा उलटी होतात, कारण बहुतेक अक्षरे उजवीकडे पाहतात हा नियम मुलांनी न शिकवताच उचललेला असतो. बोटाने वाळूत किंवा ताटातल्या रव्यात मोठा आकडा गिरवून घ्यावा. दुसरी-तिसरीपर्यंत हे टिकले आणि सोबत वाचायलाही जड जात असेल, तर तज्ज्ञांकडे जरूर जावे.

प्रश्न : सचिन तेंडुलकर डाव्या हाताने सही करतात, पण उजव्या हाताने फलंदाजी करतात. मग त्यांना डावखुरे म्हणावे का? – विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : लिहिण्यापुरते अवश्य म्हणावे. हाताचा कल सर्व कामांत एकच असतो असे नाही आणि फलंदाजी तर दोन्ही हातांचे काम आहे. म्हणूनच १९७१ मध्ये ओल्डफील्ड यांनी तयार केलेल्या प्रश्नावलीत लिहिणे, चित्र काढणे, फेकणे, कात्री, दात घासणे, सुरी, चमचा, झाडू धरताना वरचा हात, काडी पेटवणे आणि डब्याचे झाकण उघडणे अशी दहा कामे विचारली जातात आणि उत्तरांवरून माणूस दोन टोकांच्या मध्ये कुठे येतो हे पाहिले जाते.

प्रश्न : वयाच्या सत्तरीत माझी सही बँकेतील नोंदीशी जुळत नाही आणि धनादेश परत येतात. एका अक्षरतज्ज्ञ म्हणवणाऱ्या गृहस्थांनी सहीखाली वर चढणारी रेघ ओढायला सांगितली आहे. त्याने सही स्थिर होईल आणि भाग्यही उजळेल, असे ते म्हणतात. – सेवानिवृत्त कर्मचारी, नागपूर

उत्तर : यात दोन वेगळ्या विद्यांची सरमिसळ झाली आहे. सराईत हाताच्या सहीतील एकेक फटकारा सेकंदाच्या एक-दोन दशांशात पडतो. इतक्या वेळात डोळ्यांनी पाहून रेघ सुधारणे शक्य नसते. सहीचा सबंध आराखडा मेंदूत साठवलेला असतो. फळ्यावर खडूने लिहिताना खांदा आणि कोपर काम करतात, वहीत बोटे काम करतात, तरी एकाच शिक्षकाचे अक्षर दोन्हीकडे ओळखू येते, ते त्यामुळेच. हा आराखडा टिकाऊ असला तरी दर वेळी थोडा हलतो. एकाच माणसाच्या दोन सह्या तंतोतंत एकसारख्या नसतात, आणि एकीवर दुसरी ठेवली असता रेघ न रेघ जुळली तर खाली सही ठेवून ती गिरवल्याचाच संशय घ्यावा लागतो. अमेरिकेत हाउलंड मृत्युपत्राच्या खटल्यात, १८६० च्या दशकात, बेंजामिन पर्स या गणितज्ञाने दोन सह्यांतील ३० उभे फटकारे मोजून हाच मुद्दा न्यायालयात मांडला होता.

दस्तऐवज तपासणारे तज्ज्ञ सुरुवात कुठे झाली, पेन कुठे उचलले गेले, कोणती रेघ आधी पडली, अक्षरांचे परस्पर प्रमाण किती आहे आणि हात कुठे अडखळला, हे भिंगाखाली पाहतात. त्यांच्या मताला आपल्या कायद्यात स्थान आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यातील कलम ४५ ची जागा आता २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातील कलम ३९ ने घेतली आहे. हस्ताक्षरावरून स्वभाव किंवा भविष्य सांगणे ही मात्र सर्वस्वी निराळी गोष्ट आहे. नेटर आणि बेन-शाखर यांनी १९८९ मध्ये असे अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा नोकरीतील यशाचा अंदाज बांधण्यात हस्ताक्षरावरून स्वभाव सांगणारे लोक त्या विषयाची माहिती नसलेल्यांपेक्षा सरस ठरले नाहीत. त्या गृहस्थांना पैसे देऊ नयेत, ही माझी कळकळीची विनंती आहे; शिवाय सहीखाली नवी रेघ घातली की ती बँकेतील नोंदीपासून आणखी दूर जाईल.

वयानुसार बोटांची ताकद आणि सांधे बदलतात, म्हणून सहीही बदलते. मात्र बदल अचानक झाला असेल, अक्षर उत्तरोत्तर बारीक होत गेले असेल किंवा हाताला कंप जाणवत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे, कारण कंपवातात अक्षर असे बारीक होते. तसे काही नसेल, तर ओळखपत्रे घेऊन शाखेत जावे आणि नमुना सही नव्याने नोंदवून घ्यावी. ती देताना जुन्या सहीची नक्कल करण्याचा प्रयत्न करू नये. आज हात जसा सहज चालतो तशीच सही करावी, म्हणजे पुढच्या धनादेशावरही तीच येईल.